मधल्या माणसाचा भरवसा

संगणकाच्या जगात भाषांतरकाराला कंपायलर म्हणतात. माणसांना वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्राम हा कंपायलर घेतो आणि यंत्राला कळतील अशा आकड्यांत उतरवून देतो. यंत्राला मूळ भाषा येत नाही, आणि आकड्यांचा तो ढीग उलगडून वाचत बसायला माणसाला सवड नसते. दोन्ही बाजू मधल्यावर विसंबून असतात.

हे मला माझ्या भाचीने सांगितलं. ती हैदराबादला एका कंपनीत रिलायबिलिटी इंजिनिअर आहे. हजारो सर्व्हर रात्रंदिवस चालू राहतील हे पाहायचं, आणि बंद पडलेच तर का पडले ते शोधून लिहून ठेवायचं, हे तिचं काम. मी याच शहरात वीस वर्षं तेलुगूतून मराठीत भाषांतर करते आहे. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना भाषांतराविषयी जे जे वाचलं त्यात भाषांतरकाराच्या अदृश्य असण्याबद्दल, निष्ठेबद्दल, सत्तेबद्दल पुष्कळ होतं. पण ‘मधल्या माणसावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?’ हा प्रश्न इतका उघडावाघडा मला कुणा साहित्यिकाच्या लेखात भेटला नव्हता. तो भेटला एका इंजिनिअरच्या भाषणात. “मावशी, तुझ्या धंद्यावर आमच्याकडे एक प्रसिद्ध भाषण आहे, तीनच पानांचं,” असं म्हणून भाचीने ते मला वाचायला दिलं.

भाषण केन थॉम्पसन यांचं. ते युनिक्स या कार्यप्रणालीच्या जनकांपैकी एक. १९८३ सालचा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना आणि डेनिस रिची यांना मिळून देण्यात आला. त्या निमित्ताने केलेलं हे भाषण ऑगस्ट १९८४ मध्ये छापून आलं. पुरस्काराच्या भाषणात माणूस आपल्या कामाविषयी, ऋणांविषयी बोलतो. थॉम्पसन यांनी सांगितलं ते असं, की तुमच्या नकळत तुमच्या घरात कसं शिरायचं हे मला माहीत आहे, आणि तुम्ही कितीही बारकाईने वाचलंत तरी तुम्हाला त्याचा माग लागणार नाही.

त्यांची युक्ती समजून घ्यायला आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कंपायलर हाही एक प्रोग्रामच असतो, आणि सी भाषेचा कंपायलर सी भाषेतच लिहिलेला असतो. मग त्याचं भाषांतर कोण करतं? त्याच्या आधीच्या पिढीचा कंपायलर. त्याचं, त्याच्याही आधीचा. म्हणजे हे एक घराणं आहे. विद्या बापाकडून मुलाकडे जाते.

थॉम्पसन यांनी याचं एक साधं उदाहरण दिलं. सी भाषेत कर्सर उभ्या दिशेने खाली सरकवण्यासाठी एक खूण आहे. या खुणेचा अर्थ ‘११’ हा आकडा, हे कंपायलरला पहिल्या वेळी कुणीतरी शिकवावं लागतं. त्याच्या मूळ संहितेत तसं स्पष्ट लिहावं लागतं: ही खूण दिसली की ११ धर. एकदा तो कंपायलर तयार झाला, की मग संहितेतली ती ओळ बदलता येते. आता एवढंच लिहिलं तरी पुरतं: ही खूण दिसली की ही खूणच धर. ११ हा आकडा संहितेतून नाहीसा झाला, पण कंपायलरला तो ठाऊक आहे. पुढच्या सगळ्या पिढ्यांना ठाऊक राहील. लिहिलेलं कुठेच नाही, घराण्यात आहे.

हे वाचून मला शब्दकोश आठवला. आपुलकी म्हणजे काय, तर आपलेपणा. आपलेपणा म्हणजे काय, तर आपुलकी. कोश खोटं बोलत नाही, पण त्याच्या दोन्ही पानांत अर्थ नसतो. तो आधी कुणीतरी, बहुधा बोलायला लागण्यापूर्वीच, आपल्यात घालून ठेवलेला असतो. भाषा शिकवणारा प्रत्येक जण हे जाणतो आणि यात त्याला काही भयंकर वाटत नाही.

थॉम्पसन यांना वाटलं. कारण जी वाट ज्ञानाला मोकळी, ती लबाडीलाही मोकळी. त्यांनी कंपायलरला दोन गोष्टी शिकवल्या. एक: लॉगिनचा, म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याचा प्रोग्राम भाषांतराला आला, की त्यात एक गुप्त पासवर्ड आपल्या पदरचा घालायचा. दोन: खुद्द कंपायलरचीच संहिता भाषांतराला आली, की त्यात या दोन्ही सूचना गुपचूप घालायच्या. मग संहितेतून दोन्ही गोष्टी पुसून टाकल्या. आता पहारेकऱ्याची संहिता स्वच्छ, कंपायलरची संहिताही स्वच्छ. शंभर विद्वान बसवून ओळ न् ओळ वाचून घेतली तरी दोष सापडणार नाही, कारण दोष वाचायच्या जागी नाहीच. तरी प्रत्येक नवा कंपायलर ती चोरी वारशाने घेऊन जन्माला येणार.

ही कल्पना पूर्णपणे आपली नव्हे, हेही त्यांनी सांगून टाकलं. मल्टिक्स या प्रणालीच्या सुरक्षेचा अमेरिकन हवाई दलासाठी १९७४ साली एक तपासणी अहवाल झाला होता. तो पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी लिहिला, आणि अशा चोरदरवाजाची शक्यता त्यात मांडलेली होती. थॉम्पसन यांनी ती करून पाहिली. त्यांचा तो प्रत्यक्ष प्रोग्राम २०२३ साली टिपांसह जाहीर झाला, तेव्हा लोकांना दिसलं की तो अवघ्या शंभरेक ओळींचा आहे. भाषणाचा निष्कर्ष त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितला होता: संहितेची कितीही छाननी केली तरी ती पुरी पडत नाही, शेवटी प्रश्न येतो तो ती लिहिणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवायचा की नाही, हाच.

माझ्या धंद्यातली माणसं लबाड नसतात, निदान पासवर्ड चोरण्याइतकी नसतात. तरीही ते भाषण वाचून मी अस्वस्थ झाले. मूळ स्वच्छ, भाषांतरही वाचायला स्वच्छ, आणि तरी मधेच कुठेतरी अर्थ पालटलेला, असं एक पुस्तक माझ्या कपाटात होतं.

काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकांनी मला एक तेलुगू कादंबरी मराठीत करण्याबद्दल विचारलं. मूळ पुस्तकासोबत तिचा इंग्रजी अनुवादही पाठवला आणि सुचवलं, की इंग्रजीवरूनच करा, लवकर होईल. मी तेलुगूवरून करण्यासाठी आठ महिने मागितले. इंग्रजीवरून करणारे तीन महिन्यांत देतात, असं उत्तर आलं. मी काम घेतलं नाही. वर्षभरात पुस्तक निघालं. आतल्या पानावर ‘मूळ तेलुगू कादंबरी’ असं छापलेलं होतं. वाटेतल्या इंग्रजीचा कुठे उल्लेख नव्हता.

कादंबरीत एक गाव आहे आणि गावाचं एक तळं आहे. वरच्या आळीची माणसं खालच्या वस्तीला त्या तळ्यावर येऊ देत नाहीत. वरच्या आळीतले शाळामास्तर अर्ध्या कादंबरीपर्यंत त्या तळ्याला ‘मा चेरुवु’ म्हणतात. मग एका रात्री ते खालच्या वस्तीत येतात, एका अंगणात बसतात आणि बोलता बोलता ‘मन चेरुवु’ म्हणतात. लेखकाने त्यावर भाष्य केलेलं नाही. अंगणातली म्हातारी फक्त मान वर करून पाहते आणि प्रकरण संपतं.

‘मा’ म्हणजे आमचं, ज्यात तू नाहीस. ‘मन’ म्हणजे आपलं, ज्यात तूही आहेस. मराठी वाचकाला हे उलगडून सांगायला नको. ‘आमचं तळं’ आणि ‘आपलं तळं’ यांत किती अंतर आहे ते त्याला जन्मापासून ठाऊक असतं. हा भेद तेलुगूत आहे, तमिळ आणि मलयाळममध्ये आहे, मराठीत आणि गुजरातीत आहे. प्रमाण हिंदीत तो नाही, बंगालीत नाही, इंग्रजीत नाही. इंग्रजी अनुवादात दोन्ही ठिकाणी एकच शब्द आला. दुसरं काय येणार? मराठी अनुवादकाच्या हाती तो एकच शब्द होता, आणि पहिल्या अर्ध्या भागात त्याचं ‘आमचं’ करणं अगदी बरोबर ठरलं होतं. त्यामुळे त्या रात्रीही मास्तर खालच्या वस्तीत येऊन ‘आमचं तळं’च म्हणाले. म्हातारीने मान वर करून पाहिलं. मराठी कादंबरीत हा माणूस रात्रीचा, गरिबाच्या अंगणात बसून, पुन्हा एकदा तळ्यावर हक्क सांगून गेला.

इंग्रजी अनुवादकाने चूक केलेली नाही. मराठी अनुवादकानेही केलेली नाही. त्याचं मराठी माझ्यापेक्षा घोटीव आहे. तेलुगू पाहा, निर्दोष. इंग्रजी पाहा, निर्दोष. मराठी पाहा, ओघवतं. दोन्ही टोकांच्या भाषांकडे जे होतं, ते मधल्या मुक्कामाकडे नव्हतं. एवढंच झालं आणि एका माणसाच्या आयुष्यातलं एकमेव धाडस पुसलं गेलं.

भाचीला ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने “कोणी केला गं अनुवाद?” असं विचारलं नाही. तिने विचारलं, “तुमच्याकडे हे पकडायची जागा कुठे होती?” तिच्या क्षेत्रात बिघाडानंतर जो अहवाल लिहितात, त्यात दोषी माणसाचं नाव शोधत नाहीत, कोणत्या व्यवस्थेमुळे चांगल्या माणसाच्या हातून हे घडू शकलं, ते शोधतात. माणूस बदलला तरी वाट तीच राहिली तर तोच अपघात पुन्हा होणार, हा त्यामागचा विचार. मी तिच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकले नाही. आमच्याकडे अशी जागा नव्हती. मुद्रितशोधक मराठी वाचतो, संपादक मराठी वाचतो, परीक्षक मराठी वाचतो.

मग तिने मला २०२४ सालची एक्सझेडची हकिगत सांगितली. लबाडी खरोखरच असली तर ती कुठून शिरते, हे त्यातून कळतं.

एक्सझेड हे फाइली दाबून लहान करण्याचं एक छोटं साधन आहे. जगभरातल्या लिनक्स सर्व्हरांवर ते कुठे ना कुठे असतंच. इतक्या ठिकाणी वापरलं जाणारं हे साधन वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, आपल्या फावल्या वेळात, पगाराविना. २०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं. दुरुस्त्या पाठवल्या, चांगल्या पाठवल्या. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावं उगवली आणि त्या सांभाळणाऱ्या माणसाला टोचू लागली: कामं तुंबली आहेत, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्या माणसाने उत्तर दिलं, की आपलं मानसिक स्वास्थ्य बरेच दिवस ठीक नाही आणि हे काम आपण विनामोबदला, हौसेने करतो. पुढे ‘जिया टॅन’ला बरोबरीचे अधिकार मिळाले. त्या नावामागे कोण होतं हे अजून जगजाहीर झालेलं नाही.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये एक्सझेडच्या दोन नव्या आवृत्त्या निघाल्या, ५.६.० आणि ५.६.१. त्यांत चोरदरवाजा होता. त्याचा मुख्य ऐवज चाचणीसाठी ठेवलेल्या, कुणी उघडून वाचत नाही अशा फाइलींत दडवला होता. त्याला जागं करणारी कळ मात्र सर्वांना पाहता येणाऱ्या मूळ भांडारात नव्हतीच. ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. आपल्या भाषेत सांगायचं तर हस्तलिखितात नसलेली ओळ छापखान्यात घातली गेली. हस्तलिखित वाचणाऱ्यांना ती कशी दिसणार?

ती सापडली वेगळ्याच कारणाने. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंता आपल्या प्रणालीचा वेग मोजत होते. दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी खांदे उडवले असते. त्यांनी धागा धरून ठेवला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं प्रकरण उघड केलं. दूषित आवृत्त्या तोवर मुख्यतः लिनक्सच्या चाचणीच्या टप्प्यावरच्या वितरणांत पोहोचल्या होत्या. आणखी काही आठवडे गेले असते तर त्या जगभरच्या चालत्या सर्व्हरांवर गेल्या असत्या.

भाची या हकिगतीतला तांत्रिक भाग रंगून सांगत होती. माझं मन त्या थकलेल्या माणसापाशी अडकलं होतं. साऱ्या जगाचा भार अंगावर, मोबदला नाही, आणि उशीर झाला की टोचणारे आवाज मात्र खूप. चोरदरवाजा संहितेत नंतर आला. तो आधी त्या थकव्यातून आत शिरला. आठ महिन्यांचं काम तीन महिन्यांत मागणारं पत्र मला आठवलं. त्या पत्रात कसलंच कारस्थान नव्हतं, प्रकाशकाची अडचण खरी होती. पण विश्वासाला वेळ लागतो, वेळेला पैसे लागतात, आणि दोन्ही नसले की मधला माणूस मिळेल ती वाट धरतो. मग त्या वाटेवर जे असेल ते पुस्तकात येतं.

थॉम्पसन यांच्या युक्तीला उतारा आहे का? आहे, आणि तो डेव्हिड व्हीलर यांनी २००५ साली एका निबंधात आणि नंतर २००९ च्या आपल्या पीएच.डी. प्रबंधात मांडला. संशय असलेल्या कंपायलरची संहिता घ्या. ती त्याच्या स्वतःच्या घराण्याला न देता, वेगळ्या माणसांनी बनवलेल्या, वेगळ्या घराण्यातल्या दुसऱ्या कंपायलरला भाषांतराला द्या. जो नवा कंपायलर मिळेल त्याच्याकडून तीच संहिता पुन्हा एकदा भाषांतरित करून घ्या. आलेला निकाल आणि पहिल्या घराण्यात तयार झालेला निकाल अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मधे काही घातलेलं नसेल तर दोन्ही तंतोतंत एक येतील. असेल तर फरक दिसेल. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की दुसरा कंपायलर सज्जनच असला पाहिजे अशी अट नाही. त्याने पहिल्याशी संगनमत केलेलं नसलं, म्हणजे पुरे.

मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती शोधून पाठ शुद्ध केला आणि शेवटी ताकीद दिली, की यात कुणी आपल्या पदरची ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवण्यासारखं होईल. ताकीद सुंदर आहे, पण ताकीद म्हणजे कुलूप नव्हे. ती पाळणाऱ्याच्या भल्या मनावर चालते. पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा वाट वेगळी धरली. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये पुरं झालं. देशभरातून पोथ्या जमवल्या. काश्मीरकडची शारदा लिपीतली पोथी आणि केरळातली मलयाळम लिपीतली पोथी शेजारी शेजारी ठेवल्या. ज्या दोन नकलाकारांची, त्यांच्या गुरूंची आणि गुरूंच्या गुरूंची कधी भेट झालेली नाही, ते दोघे एकच पाठ देत असतील तर तो जुना असण्याचा संभव मोठा. आणि जिथे एकाकडेच जास्तीचे श्लोक असतील, तिथे थांबून विचार करायचा. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांचे सहकारी जे करत होते, ते व्हीलर यांना कळलं असतं.

पण दुसरी वाट खरोखर दुसरी हवी. हे ठासून सांगणारा एक प्रयोग जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी केला आणि १९८६ साली प्रसिद्ध केला. एकाच मागणीपत्रकावरून सत्तावीस जणांकडून स्वतंत्रपणे सत्तावीस प्रोग्राम लिहून घेतले आणि प्रत्येकाच्या दहा लाख चाचण्या घेतल्या. अपेक्षा अशी होती, की स्वतंत्रपणे लिहिलेले प्रोग्राम चुकले तरी वेगवेगळ्या ठिकाणी चुकतील, आणि बहुमताने योग्य उत्तर निघेल. तसं झालं नाही. एकाच ठिकाणी अनेक जण अडखळण्याचे प्रसंग अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले. माणसं वेगळी असली तरी अवघड जागा सगळ्यांना अवघडच असते. म्हणजे त्या कादंबरीचे इंग्रजीवरून सत्तावीस मराठी अनुवाद करवून घेतले असते, तरी त्यांतल्या बहुतेकांत ते तळं ‘आमचं’च राहिलं असतं. संख्येने विश्वास वाढत नाही, वेगळेपणाने वाढतो.

आणि वेगळेपण तर झपाट्याने कमी होतं आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे पंच्याऐंशी लाख संगणक कोलमडले. एका ठिकाणी माहितीचे एकवीस रकाने धरलेले होते, आणि प्रत्यक्षात पुरवले जात होते वीस. हैदराबादच्या विमानतळावर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. यात चोर कुणीच नव्हता. जो कोसळला तो पहारेकरीच होता. “चूक कुणाचीही होते, मावशी,” भाची म्हणाली. “ती सगळीकडे एकदम पोहोचली, हा खरा अपघात.”

भारतीय भाषांच्या मधोमध आज असाच एक पहारेकरी बसला आहे. तेलुगूतून मराठीत, मलयाळममधून गुजरातीत, असमियातून कन्नडमध्ये पुस्तक जातं तेव्हा ते इंग्रजीच्या नाक्यावरून जाण्याची शक्यता वाढत चालली आहे. पुरस्कारांच्या याद्या इंग्रजी अनुवादांमुळे बनतात, हक्कांचे व्यवहार इंग्रजी प्रतीवरून होतात. यांत्रिक अनुवादाच्या अनेक प्रणालीही दोन भारतीय भाषांच्या मधे इंग्रजीचा मुक्काम करत आल्या आहेत. इंग्रजीवर माझा राग नाही. तिच्यावाचून मी थॉम्पसन वाचले नसते, आणि रशियन कादंबऱ्याही माझ्यापर्यंत तिच्याच पाठीवर बसून आल्या. पण नाका एकच असला, की तिथे जे गळतं ते बाविसांच्या बाविस भाषांत गळतं, आणि गळलं हे कुणालाच कळत नाही, कारण ताडून पाहायला दुसरी प्रत नसते. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद ज्यांना जन्मापासून ठाऊक, त्यांनी तो एकमेकांना देताना हरवून बसावा, आणि आपण काही हरवलं याची त्यांना कल्पनाही नसावी, हे मला फार वाईट वाटतं.

म्हणून अलीकडे मी काही साध्या गोष्टींचा आग्रह धरते. पुस्तकाच्या आतल्या पानावर कोणत्या भाषेतून कोणत्या वाटेने आलं ते लिहिलेलं असावं. इंग्रजीवरून केलं असेल तर तसं. त्यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे. खाण्याच्या पाकिटावर आपण काय काय घातलं ते वाचतो, पुस्तकावर का वाचू नये? करारात मूळ भाषेवरून काम करायला लागणारा वेळ आणि त्याचा मोबदला मी स्पष्ट लिहून मागते. आणि मराठी वाचणाऱ्या संपादकाखेरीज, ज्याची वाट माझ्या वाटेला कुठे छेदत नाही असा आणखी एक वाचक मी शोधते.

सध्या हाती असलेल्या कथासंग्रहासाठी तो मिळाला आहे. तीच पुस्तकं तेलुगूतून गुजरातीत करणाऱ्या एक बाई वडोदऱ्याला असतात. त्यांना मराठी वाचता येतं, लिहिता येत नाही. माझं गुजरातीच्या बाबतीत तसंच. दर पंधरा दिवसांनी आम्ही एकमेकींना प्रकरणं पाठवतो. दोन मानवी अनुवाद कंपायलरसारखे तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षा कुणीच करणार नाही, आणि जुळले तर मलाच संशय येईल. आम्ही जुळणी पाहत नाही. वाटा कुठे फुटतात ते पाहतो, आणि तिथे समासात पेन्सिलीने फुली मारतो. मग दोघी मूळ तेलुगू उघडून फोनवर बसतो. बोलणं अर्धं तेलुगूत, अर्धं हिंदीत होतं. काही फुल्या दोघींच्या स्वभावातल्या फरकाच्या निघतात. त्या तशाच राहू देतो. काहींखाली खरोखर काहीतरी दडलेलं असतं. परवा अशाच एका फुलीपाशी आम्हाला उलगडा होईना, म्हणून लेखकांना फोन लावला. त्यांनी वाक्य स्वतःशी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं आणि म्हणाले, तुम्ही दोघी इथे अडलात, ते बरं झालं. आजवर इथे कुणी अडलंच नव्हतं.